पोथी, तबकडी आणि नक्कल



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्या मादन हिप्परग्याच्या शाळेने आपल्या गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. माझे सारे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकविण्यात गेले. तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा आपल्या सीमाभागातील बोलीवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी निवडलेला विषय मात्र काहीसा चमत्कारिक वाटेल. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांमधून चित्रपट उतरवून घेऊन त्याची एक सलग फाइल कशी करावी आणि ती घरच्या पडद्यावर कशी पाहावी, हा तो विषय होय. मराठीच्या प्राध्यापकाने या यंत्राच्या उठाठेवीत का पडावे, याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे. ते उत्तर मला गुरुजींच्या ट्रंकेत सापडले.

गुरुजींच्या कुटुंबीयांनी त्यांचा ग्रंथसंग्रह शाळेला दिला, त्याबरोबर एक पत्र्याची ट्रंकही आली. तिच्यात पुस्तके नव्हती. चित्रपटांच्या तबकड्या होत्या. निवृत्तीनंतर गुरुजी सोलापूरला, अक्कलकोटला किंवा गुलबर्ग्याला गेले की एखादी तबकडी घेऊन येत. प्रत्येक वेष्टनाच्या आतल्या बाजूला त्यांच्या वळणदार अक्षरात खरेदीची तारीख, गाव आणि किंमत लिहिलेली होती, आणि दुकानाची पावती घडी करून ठेवलेली होती. शनिवारी दुपारी घरच्या ओसरीवर ते गल्लीतील मुलांना हे चित्रपट दाखवीत. ‘मुलांच्या कानावर चांगली मराठी पडली पाहिजे,’ एवढेच त्यांचे म्हणणे असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर जन्मलेल्या आपल्या पिढ्यांनी घरात मराठी, बाजारात कानडी आणि थोरल्यांच्या तोंडी उरलेली उर्दू अशा तिहेरी वातावरणात भाषा शिकली. या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरची मराठी ऐकविण्याचे गुरुजींचे साधन म्हणजे ही ट्रंक होती.

मागील वर्षी मुख्याध्यापकांसमवेत मी ती उघडली. वरच ‘श्यामची आई’चा तीन तबकड्यांचा संच होता. पहिली तबकडी चालली, दुसरी अडखळत का होईना चालली. तिसरी यंत्रात घरघर करीत राहिली आणि पडद्यावर काहीच आले नाही. विकत घेतलेली, पावतीसह जपलेली, धूळ लागू न दिलेली वस्तू. तरीही चित्रपटाचा शेवट आमच्या हातून गेला होता. त्या दिवशी मला प्रथमच जाणवले की वस्तू जपणे आणि तिच्यातील मजकूर जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानाचे सारे प्रतिपादन या एका भेदावर उभे आहे.

१. नक्कल आणि जतन

हा भेद आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला नवा नाही. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीनंतरच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्ञानदेवांच्या हातची वा त्यांनी सांगून लिहविलेली प्रत आज कोणाजवळ नाही. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्यापर्यंत आली ती पिढ्यान् पिढ्या नकला करणाऱ्या लेखकांमुळे, आणि त्या नकलांत शिरलेले अपपाठ दूर करून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी सिद्ध केलेल्या शुद्ध प्रतीमुळे. आपल्या शेजारच्या बसवकल्याणच्या शरणांची वचनेही अशीच तगली. ताडपत्रांवरील नकला मठामठांतून आणि घराघरांतून राहिल्या, म्हणून फ. गु. हळकट्टी यांना त्या गोळा करता आल्या आणि १९२३ मध्ये ‘वचनशास्त्रसार’ हा ग्रंथ छापता आला. ताडपत्र टिकत नाही, कागद टिकत नाही. वेळेवर केलेली नक्कल टिकते.

चित्रपटाच्या बाबतीत ही वेळ आपण अनेकदा चुकविली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तो चार रिळांचा होता. आज त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या काळाच्या ओघात आपोआप कुजत आणि ठिणगी पडली की भडकत. पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून फिती मिळविल्या, म्हणून जे उरले ते उरले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असून फितींच्या अंकीय नकला करण्याचे काम तेथे चालू आहे.

मोठ्या संस्था मूळ फिती सांभाळतील. घरोघरी पडलेल्या तबकड्यांकडे मात्र त्यांचे लक्ष जाणार नाही. ते काम ज्याचे त्याने करावयाचे आहे.

२. तबकडी म्हणजे काय

आपल्या घरांत बहुधा दोन जातींच्या तबकड्या आढळतात. १९९३ मध्ये निश्चित झालेल्या पद्धतीची व्हीसीडी आणि १९९६ पासून बाजारात आलेली डीव्हीडी. दोन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे १.२ मिलिमीटर. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. रचना मात्र वेगळी असते.

व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचा चित्रपट मावतो. म्हणून मराठी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर येत असे आणि ऐन प्रसंगात उठून तबकडी बदलावी लागे. तिच्यावरील चित्र ३५२ बिंदू रुंद आणि २८८ बिंदू उंच एवढेच असते. डीव्हीडीवर ते ७२० बाय ५७६ असते, म्हणजे सुमारे चौपट तपशील. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ आणि दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट मजकूर मावतो. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला आरंभ केला, आणि चित्रपटाची अधिकृत प्रत सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. गुरुजींच्या ट्रंकेतील बऱ्याच तबकड्या त्या स्वस्ताईच्या दिवसांतल्या आहेत.

आता त्या बिघडतात कशा, ते पाहू. सीडी आणि व्हीसीडी यांत मजकूर धारण करणारा चकचकीत थर नाव छापलेल्या बाजूच्या अगदी लगत असतो. त्यावर केवळ लाखेचा पातळ लेप असतो. आपण खालची चकाकती बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर निःशंकपणे बॉलपेनने लिहितो. वस्तुतः धोका वरच्या बाजूलाच अधिक असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा घासून काढता येतो. वरचा थर खरवडला की तेथील मजकूर कायमचा गेला. गुरुजींच्या तिसऱ्या तबकडीचे असेच झाले होते. ती उजेडाकडे धरली तेव्हा सुईच्या अग्राएवढी छिद्रे आरपार दिसली. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो. त्यामुळे तो अधिक सुरक्षित असला तरी डिंक सुटला की तीही निकामी होते. भरीला व्हीसीडीवर चुका सुधारण्यासाठी राखलेली जागा संगणकाच्या साध्या सीडीपेक्षा कमी असते. जास्तीत जास्त मिनिटे मावावीत म्हणून केलेली ती तडजोड होती. आणि तबकडी धडधाकट असली तरी ती वाचणारे यंत्र कुठे आहे? नव्या संगणकांत तबकडीचा कप्पा बहुधा नसतोच. तो तारेने जोडावयाचा स्वतंत्र घ्यावा लागतो.

३. एक फाइल कशी सिद्ध होते

मुले या क्रियेला ‘रिप करणे’ म्हणतात. मी तिला ‘उतरवून घेणे’ म्हणतो. पोथी उतरवून घेतात तसे.

व्हीसीडी संगणकात घातली की तिच्यात ‘एमपेगएव्ही’ नावाचा कप्पा दिसतो आणि त्यात ‘डॅट’ प्रत्ययाची मोठी फाइल असते. तोच चित्रपट. तिला कुलूप नसते. ती संगणकावर घेऊन, तिच्यावरील वेष्टन उतरवून आणि दोन-तीन भाग क्रमाने जोडून एक सलग फाइल होते. तीन भागांचा चित्रपट सुमारे दीड ते दोन गिगाबाइटांचा भरतो. ओरखड्याशी साधी नक्कल अडून बसते. अशा वेळी न वाचता येणारी जागा सोडून पुढे जाणारे आणि मग मागे येऊन पुनःपुन्हा प्रयत्न करणारे कार्यक्रम वापरावेत. कसरीने खाल्लेल्या अक्षरांची जागा कोरी सोडून पुढे लिहीत जाणारा जुना लेखक याहून वेगळे काय करीत होता?

डीव्हीडीची मांडणी अधिक गुंतागुंतीची असते. तिच्यातील ‘व्हिडिओ टीएस’ या कप्प्यात चित्रपट एकेका गिगाबाइटच्या आतल्या तुकड्यांत विभागलेला असतो. या तुकड्यांना ‘व्हॉब’ म्हणतात. कोणता तुकडा कोणत्या क्रमाने दाखवावयाचा, प्रकरणे कोठे पडतात, सबटायटल कोठे आहेत, हे सांगणारी अनुक्रमणिका ‘आयफो’ या फाइलींत असते, आणि ‘बप’ या नावाने तिची दुसरी प्रत त्याच तबकडीवर ठेवलेली असते. नकलेचे महत्त्व तबकडी घडविणाऱ्यांनीही ओळखले होते, ते असे. हे तुकडे नुसते उचलून आणले तर क्रम बिघडतो, मधेच जाहिराती येतात. शिवाय पुष्कळ डीव्हीडींवर ‘सीएसएस’ नावाचे सांकेतिक कुलूप असते. त्यामुळे उचललेल्या तुकड्यांत केवळ रंगीबेरंगी ठिकऱ्या दिसतात.

यासाठी दोन प्रकारचे कार्यक्रम आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. पहिला प्रकार ‘मेकएमकेव्ही’सारख्या कार्यक्रमाचा. हा डीव्हीडीपुरता विनामूल्य आहे. तो तबकडी वाचतो, मुख्य चित्रपट कोणता ते दाखवतो, आपण निवडलेले चित्र, ध्वनी आणि सबटायटल उचलतो आणि एका पेटीत भरतो. मूळ मजकुराचा एक कणही तो बदलत नाही. या पेटीचे नाव ‘मात्रोस्का’. एकीच्या पोटात दुसरी अशा रशियन लाकडी बाहुल्यांवरून ते आले आहे. अशी फाइल चार ते सात गिगाबाइटांची होते. दुसरा प्रकार ‘हँडब्रेक’सारख्या कार्यक्रमाचा. तो चित्र उलगडून नव्या पद्धतीने पुन्हा दाबून बसवतो. फाइल एक-दीड गिगाबाइटवर येते, परंतु मूळ चित्रातील काही तपशील कायमचा गळतो. कुलूप काढणे हे या कार्यक्रमाचे काम नव्हे.

पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली यथामूल नक्कल आणि दुसरा संक्षेप. संक्षेप वाचावयास सोयीचा असतो, पण संक्षेपावरून मूळ पुन्हा उभे करता येत नाही. जागा वाचविण्यासाठी संक्षेप करून मूळ टाकून देण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर सहा गिगाबाइटांचे दीडशेहून अधिक चित्रपट मावतात. म्हणून माझा आग्रह असा की यथामूल नक्कल आधी करावी आणि ती ठेवावी. प्रवासासाठी, भ्रमणध्वनीसाठी हवा तर तिच्यावरून संक्षेप करावा.

४. पाठ बदलू नये

नक्कल करणाऱ्याला सर्वांत मोठा मोह होतो तो सुधारणा करण्याचा. दुर्बोध शब्दाच्या जागी आपला सोपा शब्द घालणाऱ्या लेखकांनी जुन्या ग्रंथांचे जे नुकसान केले, ते कसरीनेही केले नसेल. चित्रपटाच्या नकलेतही असे चार मोह आहेत.

पहिला मोह पडदा भरून काढण्याचा. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्या काळचे चित्र जवळपास चौकोनी, चारास तीन या प्रमाणाच्या आसपासचे असे. आजचे दूरचित्रवाणी संच सोळास नऊ या प्रमाणाचे. चित्र ताणून पडदा भरला की विष्णुपंत पागनीसांचे कृश तुकोबा अंगापिंडाने स्थूल होतात. वरून-खालून कापून पडदा भरला तर कोणाचे कपाळ जाते, कोणाचे पाय जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. त्या दोष नव्हेत.

दुसरा मोह चित्र गुळगुळीत करण्याचा. आपल्याकडच्या डीव्हीडीवर सेकंदाला पंचवीस चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र पुष्कळदा सम आणि विषम अशा दोन ओळीसमूहांत विभागलेले असते. हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या यामुळे. पाहताना यंत्राकडून त्या मिटवून घ्याव्यात, मूळ नकलेत ढवळाढवळ करू नये.

तिसरा मोह ध्वनीचा. घरात सहा कर्ण्यांचे होम थिएटर आणले की सर्व कर्णे वाजलेच पाहिजेत, असे आपल्याला वाटते. जुन्या चित्रपटाचा ध्वनी एकमार्गी असतो. तो मधल्या कर्ण्यातून स्वच्छ ऐकावा. कृत्रिम घुमारा दिला की शब्द बुडतात, आणि आपल्याला हवे आहेत ते शब्दच. नव्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर सहा मार्गांचा ध्वनी असेल तर तो मात्र न बदलता उतरवून घ्यावा आणि थेट ध्वनिवर्धकाकडे पाठवावा.

चौथा मोह अनावश्यक म्हणून गाळण्याचा. सबटायटल आपल्याला नको असतील. पण पुण्यात वा अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांना, किंवा कानडी माध्यमात शिकलेल्या शेजारच्या मुलाला, तोच आधार असतो. डीव्हीडीवरील सबटायटल अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या रूपात असतात. ती पेटीत जशीच्या तशी राहतात आणि हवी तेव्हा दाखवता येतात.

भाषेचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट मला विशेष सांगावयाची आहे. छापील संहितेत शब्द राहतात. ते कसे उच्चारले जात, कोठे थांबत, कोणत्या हेलाने बोलत, हे राहत नाही. १९३६ सालचा माणूस मराठी कसा बोलत होता, याचा जिवंत पुरावा त्या काळच्या बोलपटांत आहे. ज्यांची मराठी चहूबाजूंनी इतर भाषांनी वेढलेली आहे, त्या आपल्यासारख्यांना हा पुरावा अधिकच मोलाचा आहे.

५. कायदा आणि सचोटी

नक्कल म्हटले की चोरी आठवते, आणि ते योग्यच आहे. म्हणून कायद्याचे बोलणे टाळून चालणार नाही.

आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये मोठी सुधारणा झाली. त्यातील कलम ५२ प्रमाणे खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी कोणत्याही कृतीचा न्याय्य वापर हा हक्कभंग ठरत नाही. संगणकप्रणालीचा अपवाद तेवढा केला आहे. त्याच वेळी कलम ६५ अ नव्याने घालण्यात आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमात येत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. सारा भर हेतूवर आहे. नॉर्वेतही असाच प्रश्न उभा राहिला होता. डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या १९९९ च्या कार्यक्रमाशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या तरुणाला तेथील न्यायालयाने २००३ मध्ये निर्दोष ठरविले. स्वतः रीतसर घेतलेली तबकडी पाहण्याचा त्याला अधिकार होता, असे न्यायालयाने मानले.

यावरून व्यवहाराचे चार नियम मी स्वतःपुरते ठरविले आहेत. तबकडी माझ्या मालकीची असली पाहिजे. भाड्याने वा उसनी आणलेली नको. नक्कल घरापुरती राहिली पाहिजे; हक्क जिवंत असलेल्या चित्रपटाची फाइल मित्राला देणे, मग पैसे न घेता का होईना, मी निषिद्ध मानतो. तबकडी विकली वा देऊन टाकली तर फाइलही पुसली पाहिजे. आणि तबकडी व पावती जपून ठेवली पाहिजे, कारण आपल्या सचोटीचा पुरावा तोच.

चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे असते. ‘संत तुकाराम’ची मुदत केव्हाच संपली. १९५३ च्या ‘श्यामची आई’ची, चित्रपट म्हणून, २०१३ अखेर संपली. तरी लेखकाचे हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतात, हे ध्यानी ठेवावे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये निवर्तले. म्हणून ‘मुदत संपली’ म्हणजे ‘वाटेल तसे वापरा’ असा अर्थ घेऊ नये.

शाळेसाठी कायद्याने एक मोकळीक ठेवली आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी प्रत्यक्ष संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरता चित्रपट दाखविणे हा हक्कभंग नाही. जत्रेत सर्वांसाठी पडदा लावणे मात्र या मोकळिकीत बसत नाही.

६. नाव, पुष्पिका आणि तीन प्रती

आता फाइल झाल्यानंतरचे. तिला नाव देताना चित्रपटाचे नाव आणि वर्ष दोन्ही लिहावे. ‘सावकारी पाश’ १९२५ चा मूकपट आणि त्याच बाबूरावांचा १९३६ चा बोलपट. ‘श्यामची आई’ अत्र्यांचा १९५३ चा आणि त्याच नावाचा नवा २०२३ चा. वर्षावाचून घोटाळा अटळ आहे.

जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असे. कोणी, कोठे, कोणत्या शकात, कोणत्या प्रतीवरून उतरवली, हे लेखक तिच्यात नमूद करी आणि जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये, अशी विनंती करी. प्रत्येक चित्रपटाबरोबर अशी पुष्पिका एका लहान मजकुरी फाइलीत ठेवावी. तबकडी कोणत्या प्रकाशकाची, केव्हा व कोठे घेतली, कोणत्या कार्यक्रमाने आणि कोणत्या तारखेस उतरवली, कोठे किती क्षण वाचता आले नाहीत, काही जोडले वा गाळले असल्यास काय. पाच मिनिटांचे काम आहे, पण पन्नास वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला दुसरा साक्षीदार नसेल.

एक व्यावहारिक अडचण पुष्कळांना येते. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, जागा असूनही नकार येतो. तो पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि तीत चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाही. ‘एक्सफॅट’ पद्धतीने तो पुन्हा आखावा. मात्र तसे करताना त्यातील सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी रिकामा करून घ्यावा. मग हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह दूरचित्रवाणी संचाच्या खाचेत घातला की चित्रपट सलग चालतो. मधेच उठून तबकडी बदलावी लागत नाही. संचाला एखादी फाइल उमगली नाही तर ‘व्हीएलसी’ हा विनामूल्य कार्यक्रम संगणकावर बहुधा ती चालवतो.

परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांची अडचण निराळी. जगाचे डीव्हीडीसाठी विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या. येथून नेलेली पाचव्या विभागाची तबकडी तिकडच्या यंत्रावर चालत नाही. त्यांना आपल्याच पैशांनी घेतलेला चित्रपट पाहण्यासाठी यथामूल फाइलीचाच मार्ग उरतो.

शेवटी, एक प्रत म्हणजे शून्य प्रत असे समजावे. हार्ड डिस्कही एके दिवशी बंद पडते आणि तबकडीप्रमाणे हळूहळू नव्हे, एका क्षणात दीडशे चित्रपट घेऊन जाते. दोन निराळ्या हार्ड डिस्क आणि तिसरी प्रत आपल्याच कुटुंबाच्या दुसऱ्या घरी, अशी व्यवस्था असावी. वर्षातून एकदा, दसऱ्याला पाटीपूजन करतो त्या दिवशी म्हणा, सर्व प्रती उघडून पाहाव्यात.

समारोप

गुरुजींच्या त्या तिसऱ्या तबकडीचे पुढे काय झाले, ते सांगून मी थांबतो. वरचा थर गेलेला असल्यामुळे कोणत्याही उपायाने ती वाचता आली नाही. मग आपल्या शाळेच्या पुण्यातील एका माजी विद्यार्थ्याने कळविले की त्याच्या आईने तोच संच घेतला होता. त्यातील पहिली तबकडी फुटली आहे, परंतु तिसरी शाबूत आहे. तो ती स्वतः घेऊन आला. दोन त्रुटित प्रतींवरून एक पूर्ण संहिता सिद्ध करणे हा माझ्या व्यवसायाचा भाग होता. ते काम उतारवयात या रूपाने पुन्हा करावे लागेल, असे वाटले नव्हते. चित्रपटाची मुदत संपलेली असल्याने हे जोडकाम निःशंकपणे करता आले, आणि पुष्पिकेत दोन्ही घरांच्या तबकड्यांची नोंद केली. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मोठ्या वर्गात मुलांनी आणि पालकांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. दिवे लागले तेव्हा बोलणारे कोणी नव्हते.

माझी आपणा सर्वांना एकच विनंती आहे. घरी परतल्यावर माळ्यावरची, कपाटातली, आईवडिलांच्या ट्रंकेतली तबकड्यांची पिशवी खाली काढा. प्रत्येक तबकडी उजेडाकडे धरून पाहा. जी वाचता येते ती या वर्षी उतरवून घ्या, कारण पुढल्या वर्षी ती वाचता येईलच याची हमी नाही. गुरुजींनी आपल्या कानावर मराठी पडावी म्हणून पदरमोड केली. ती मराठी आपल्या नातवंडांच्या कानापर्यंत पोहोचविणे एवढे तरी ऋण आपल्या माथी आहे.